आभाळ भरून येण्याआधी

सकाळी ६

बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या आमच्या गच्चीवरून चंदेरीचा सुळका दिसतो. मे महिन्याच्या शेवटी सकाळी सहालाच तो वाफेत हरवलेला दिसला की मी त्या दिवसाचं वेळापत्रक बदलते. आज तसाच दिसतोय. वारा नाही, मान घामानं चिकट झालीय आणि हवामान खात्याच्या मुंबई केंद्रानं ठाणे जिल्ह्याला पिवळा इशारा दिलाय: दुपारनंतर विजांसह पाऊस, सोसाट्याचा वारा.

आमच्याकडचा वळीव बहुतेक वेळा डोंगराच्या बाजूनं येतो. सकाळभर जमीन तापते, खाडीकडून दमट वारा आत सरकतो, सह्याद्रीला अडून ढग उंच चढतात आणि दुपारी माथेरान-मलंगगडाच्या अंगानं खाली उतरतात. मी पशुवैद्य आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या घरांत मी जाते आणि या दिवसांत माझं निम्मं काम ढगांच्या वेळेवर चालतं. लोक समजतात की कुत्र्यांना सगळ्यात वाईट महिना जुलै. पण जुलैचा पाऊस दिवसेंदिवस कोसळतो, गडगडतो क्वचित. कुत्र्यांचा जीव खरा घाबरतो तो वळवाच्या आणि नंतर ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या गडगडाटानं.

सकाळी ७

चिमी ही आमची गावठी कुत्री. आज तिला मी रोजच्यापेक्षा लांब फिरवते, मनसोक्त हुंगू देते, शी-शू दोन्ही होईपर्यंत परत फिरत नाही. एकदा आभाळ काळवंडलं की ती रात्रीपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही आणि तोवर सगळं धरून ठेवेल. घाबरणारी बहुतेक कुत्री असंच करतात, आणि भरलेल्या मूत्राशयानं आधीच अस्वस्थ असलेलं जनावर आणखी अस्वस्थ होतं.

घरी येऊन फोनवरच्या यादीतल्या सगळ्यांना निरोप पाठवते. आज दुपारी वादळाची शक्यता. दीडच्या आत फिरवून आणा. जेवण लवकर आणि हलकं द्या. गळ्यातला पट्टा तपासा, दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. पट्ट्यावर फोन नंबर आहे ना बघा. ज्यांची गोळी ठरलेली आहे त्यांनी माझ्या पुढच्या निरोपाची वाट पाहा.

सकाळी ९

दवाखान्यात पहिलाच लॅब्रॅडोर, चार वर्षांचा, मजबूत हाडाचा. पुढच्या दोन्ही पायांची नखं मुळापासून तुटलेली, ओठ कापलेला. काल संध्याकाळी घरचे लग्नाला गेले होते आणि विजा सुरू झाल्यावर यानं आतून दार ओरबाडलं. नखं भूल देऊन साफ करावी लागली. बरोबर आलेले काका व्यथित होते, पण मनात एक गोष्ट पक्की होती: "मॅडम, मी मुद्दाम जवळ घेत नाही त्याला. जवळ घेतलं की भीती वाढते म्हणतात. दुर्लक्ष केलं की आपोआप सवय होईल."

हे वाक्य मला या तिन्ही शहरांत ऐकू येतं, आणि दर वेळी मी हातातलं काम थांबवून उत्तर देते, कारण यापायी किती कुत्री एकटी थरथरत बसतात ते मी पाहते. शिस्त ही वागणुकीला लावतात. भीती ही शरीराची अवस्था आहे, ती बक्षीस मिळालं म्हणून वाढत नाही. अमेरिकेत २००५ साली ड्रेशेल आणि ग्रेंजर या संशोधकांनी वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना घरातच वादळाचा आवाज ऐकवला आणि लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाचं ते संप्रेरक २०७ टक्क्यांनी वाढलं आणि चाळीस मिनिटांनंतरही मूळ पातळीवर आलं नव्हतं. म्हणजे गडगडाट थांबतो, आपण चहा ठेवतो, आणि कुत्र्याच्या अंगात वादळ अजून चालूच असतं. तो जवळ आला तर जवळ घ्या, काका. पाठीवर हात ठेवा, सावकाश फिरवा. तो पलंगाखाली गेला तर मात्र ओढून बाहेर काढू नका, त्याला तिथेच राहू द्या.

आणि सवय होत नाही. उपाय न केलेली ही भीती वर्षागणिक वाढते. आधी फक्त वीज कडाडल्यावर थरथरणारं कुत्रं पुढच्या वर्षी पावसाच्या थेंबाला थरथरतं, मग नुसत्या वाऱ्याला, मग दुपारी खोलीत अंधारून आलं तरी. हा काही एखाद्याच घरातला प्रकार नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठानं २०२० मध्ये सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आवाजाची भीती हीच सगळ्यात जास्त आढळली, ३२ टक्के कुत्र्यांमध्ये.

सकाळी ११.३०

अंबरनाथ पूर्व. इथल्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एक बीगल आहे, वर्षाची. तिला तपासायच्या आधी मी घर तपासते. या भागात दहा वर्षांपूर्वी कुत्रं पळून जायचं ते फाटकातून. आता उंच इमारती झाल्या आणि धोका बाल्कनीत आला.

बाल्कनीला जाळी होती. ताई म्हणाल्या, "सेफ आहे, जाळी बसवलीय." ती कबुतरांची जाळी होती, नायलॉनची, हुकांना अडकवलेली. ती कबुतराला अडवते. घाबरून धडक मारणाऱ्या बारा किलोच्या कुत्र्याला अडवण्यासाठी ती बनवलेलीच नाही, आणि दोन उन्हाळे उन्हात राहिली की हातानंही तुटते. आभाळ भरलं की बाल्कनीचं सरकतं दार बंद करून कडी लावायची आणि खिडकीखालची खुर्ची, शू-रॅक, कुंड्यांचा स्टँड बाजूला करायचा, कारण कुत्रं त्यावरूनच वर चढतं. लोखंडी सेफ्टी डोअर कायम बंद. वादळात पार्सलवाला येतो, कोणीतरी दार उघडतं आणि कुत्रं जिन्यानं थेट खाली.

तिला कुठे बसवायचं, हे ताईंनी ठरवून ठेवलं होतं: बेडरूममध्ये, खिडकी बंद, पडदे ओढलेले, अंगावर जाड पांघरूण. परदेशातल्या व्हिडिओंत असंच दाखवतात आणि तिथे ते बरोबरच आहे. इथे मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, हवेत दमटपणा असतो आणि वादळ आलं की पहिली जाते ती लाईट. बंद खोली, पंखा बंद, अंगावर पांघरूण आणि भीतीनं आधीच धापा टाकणारं जनावर. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड ठेवतं. अशा खोलीत भीतीपेक्षा उष्माघात लवकर जीव घेतो. म्हणून मी न्हाणीघर सुचवते. खिडकी छोटी, फरशी गार, भिंती जाड, पाणी हाताशी. बरीच कुत्री आपणहून बेसिनखाली जाऊन बसतात, त्यांना ते आधीच कळलेलं असतं. दार उघडं ठेवायचं, इन्व्हर्टरवरचा पंखा किंवा चार्जिंगचा छोटा पंखा तिकडे वळवायचा. अंगाला आवळून बसणारे खास जॅकेट मिळतात, काही कुत्र्यांना त्यानं धीर येतो. पण मेमध्ये त्याऐवजी पातळ सुती ओढणी छातीभोवती गुंडाळून पाहा, आणि धाप वाढली की लगेच सोडा.

दुपारी १

रिक्षानं उल्हासनगर, कॅम्प चार. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकी आता ओळखू येत नाहीत, पण वर चढवलेले मजले आणि त्यावरचे पत्रे जागोजागी आहेत. पत्र्यावर पडणारा वळीव माणसालाही बोलू देत नाही. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यांना त्याच्या दुपटीच्याही पुढे.

इथल्या दादींकडे पांढरी पॉमेरेनियन आहे, अकरा वर्षांची. दादी म्हणतात, "बेटा, पहले तो इसको कुछ नहीं होता था. अभी एक साल से ऐसा करती है." मला या एका वाक्यात निम्मं निदान मिळतं. म्हातारपणी अचानक आवाजाची भीती सुरू झाली की आधी दुखणं शोधायचं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या गटानं २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या. ज्या दहांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं, त्यांच्यात भीती बऱ्याच उशिरा, मोठ्या वयात सुरू झाली होती. दचकलं की स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, आणि मग तो आवाज आणि ते दुखणं यांची मनात गाठ बसते. मी हिच्या मागच्या पायाचा गुडघा वाकवला तर ती कळवळली. तिला वेदनेचं औषध सुरू केलं. दादींना बजावून सांगितलं की माणसांची क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यांतलं काहीही द्यायचं नाही, एकही गोळी नाही.

दुपारी २.१५

वारा फिरला. उल्हासनगर स्टेशनच्या पुलावरून मलंगगडाच्या बाजूला ढगाचा काळा पट्टा दिसतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप विजांच्या नोंदी दाखवतं. विजा अजून लांब आहेत, आमच्या वर्तुळात आलेल्या नाहीत. हीच वेळ आहे. यादीतल्या निवडक घरांना निरोप: "आता द्या."

औषधाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण इथेच सर्वाधिक गोंधळ आहे. ट्राझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं पोटातून गेल्यावर काम करायला दीड-दोन तास घेतात. वीज कडाडल्यावर दिलेली गोळी वादळ ओसरल्यावर चढते, आणि मग लोक म्हणतात, गोळीचा उपयोग नाही. मात्रा वजनावर, वयावर, हृदय-यकृताच्या अवस्थेवर ठरते, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी चालत नाही. माणसांच्या पातळ औषधांत कधी झायलिटॉल हा गोडवा असतो, तो कुत्र्याला विष आहे. पहिली मात्रा आम्ही नेहमी शांत दिवशी देऊन बघतो, कारण काही कुत्री उलट अधिक बेचैन होतात, आणि ते वादळात कळून उपयोग नाही.

एक जुनी पद्धत मला अजून अस्वस्थ करते: नुसतं एसप्रोमाझीन देऊन कुत्रं आडवं पाडणं. ते गप्प होतं, मालकाला हायसं वाटतं. पण त्यानं भीती जात नाही, फक्त शरीर हलत नाही. आत सगळं ऐकू येतंय आणि पळता येत नाही, अशी ती अवस्था. आता चांगले पर्याय आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये आवाजाच्या भीतीसाठी हिरडीवर लावायच्या डेक्समेडेटोमिडीन जेलला मान्यता मिळाली. या त्रासाला औषध लागतं हे तिथल्या नियामकांनी मान्य केलं. आपल्याकडे अजून 'कुत्र्याला कसली आलीय मनाची गोळी' असं ऐकावं लागतं.

दुपारी ३.४०

बदलापूरचा दवाखाना गाठेपर्यंत धूळ उठली होती. स्टेशनबाहेर पत्रे वाजत होते, फलक फडफडत होते. १३ मे २०२४ च्या दुपारी घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जीव गेले, तेव्हापासून फलकाखाली उभं राहायचं धाडस होत नाही. रिक्षावाल्या दादांनीही रिक्षा लांब नेऊन उभी केली.

आत सकाळचा लॅब्रॅडोर सलाईनवर, आणि गावी गेलेल्या एका कुटुंबाचा स्पिट्झ मुक्कामाला. दोघांनाही आतल्या बिनखिडकीच्या खोलीत घेतलं. इन्व्हर्टरवर पंखा. फोनवर तानपुरा लावला. त्याचा अखंड सूर गडगडाटाची धार थोडी बोथट करतो, असा माझा अनुभव आहे. पावणेचारला लाईट गेली.

मग वीज चमकली आणि मी मोजू लागले. प्रकाश आणि आवाज यांत तीन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण एक किलोमीटर. बारा. म्हणजे चार किलोमीटर. स्पिट्झनं कान मागे पाडले, जांभई दिली, ओठ चाटले. पुष्कळ जणांना जांभई म्हणजे झोप वाटते. ही ताणाची पहिली खूण. दर गडगडाटानंतर लगेच मी त्याच्यापुढे उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा टाकला. आवाज झाला की कलेजी. तो शांत बसलाय का, शेपूट हलवतोय का, यावर काही अवलंबून नाही, आवाज झाला एवढंच पुरे. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. आवाज होताच खाऊ किंवा खेळ देण्याचा हा उपाय केलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी फरक पडला असं सांगितलं. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. नऊ सेकंद. सहा. स्पिट्झनं तुकडा हुंगला, खाल्ला. खातोय तोवर तो आपल्या हातात आहे. खाणं बंद झालं की शिकवणं थांबवायचं आणि नुसतं जवळ बसायचं.

लॅब्रॅडोर खात नव्हता. सलाईन काढून टाकली, कारण नळीसकट उठला असता. थर्मामीटर लावला: ४०.१. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश. पोटाला, मांड्यांच्या आतल्या बाजूला, पंजांना साध्या पाण्याचा ओला पंचा आणि वर पंख्याचा झोत. बर्फ नाही. वीस मिनिटांनी ३९.४. त्याला आधी दिलेल्या गोळीनं पकड घेतली होती. माझ्या मांडीवर हनुवटी टेकून तो धापा टाकत राहिला. तोंडाची लाळ माझ्या सलवारीवर गळत होती आणि मला ती चालत होती.

फोन मधल्या काळात सतत वाजत होता. बीगल बेसिनखाली आहे, ठीक. दादींची पॉमेरेनियन गोधडीवर बसलीय. एका मुलानं विचारलं, कुत्रं कपाटामागे घुसलंय, ओढू का? अजिबात नको, चावेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. मग मांजर्लीच्या एका बंगल्यातून रडवेला आवाज: "मॅडम, ब्रुनो पळाला. फाटक वाऱ्यानं उघडलं."

ब्रुनोच्या घरचे वडील-मुलगा दोघेही छत्र्या घेऊन हाका मारत निघाले होते. मी त्यांना थांबवलं. पाठलाग केला की घाबरलेलं कुत्रं मालकापासूनही पळतं, आणि मांजर्लीहून रूळ लांब नाहीत. विजा चमकताना झाडाखालून, मोकळ्यावरून माणसांनी फिरायचं नाही. ढग सरकू दे. फाटक उघडं ठेवा, त्याची चादर आणि तुमचा वापरलेला शर्ट दारात टाका. आसपासच्या इमारतींच्या वॉचमनना फोटो पाठवा, स्टेशनवरच्या ओळखीच्यांनाही. दिसला तर समोरून जाऊ नका, अंग तिरकं करून खाली बसा, नजरेला नजर नको, हळू बोला.

संध्याकाळी ५.३०

पाऊस उतरला. आता बाहेर पडायचं ते खाली बघत. गुलमोहराच्या फांद्या, पत्र्याचे तुकडे आणि तारा. पावसानंतर डीपीजवळच्या डबक्यात पाय टाकणारं पहिलं कुत्रंच असतं. माणसाला निदान चपला असतात. दवाखान्याच्या गल्लीत एक तार लोंबत होती. महावितरणच्या १९१२ वर कळवलं आणि लाईनमन येईपर्यंत पोरांना गल्लीच्या दोन्ही टोकांना उभं केलं.

रस्त्यावरची कुत्री बहुतेक एखाद्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, उभ्या ट्रकखाली आसरा घेतात. वाहन सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा आणि खाली एक नजर, एवढं प्रत्येकाला जमतं. आमच्या शेजारच्या सोसायटीत वॉचमनकाकांनी जिन्याखाली गोणपाट अंथरलं होतं. त्यावर कान कापलेल्या दोन कुत्र्या अंग चोरून बसल्या होत्या. कानाची ती खूण म्हणजे नसबंदी झालेली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हाकला म्हणत होते. मी त्यांच्याशी बोलले. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम रस्त्यावरच्या कुत्र्यांना त्यांच्या जागेवरच्या समाजाचा भाग मानतात, हेही सांगितलं. पण त्यांना पटलं ते दुसऱ्याच कारणानं: अशा वेळी भर पावसात हाकललेलं कुत्रं अंधारात कुणाच्या तरी पायात येतं आणि चावा तिथे होतो. पाऊस थांबला की ती जातात.

संध्याकाळी ७.१०

ब्रुनो सापडला. दोन गल्ल्या पलीकडे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, सिमेंटच्या गोण्यांमागे. तिथल्या वॉचमननं फोटो ओळखला आणि सांगितल्याप्रमाणे नुसता बसून राहिला. मुलगा येऊन तिरका बसला, बराच वेळ बसला, मग ब्रुनो स्वतः त्याच्या मांडीत आला. पंजा कापलाय, टाके घालायला आणतायत. पट्ट्यावर नंबर नव्हता. तो आज रात्रीच बसेल.

रात्री ९

बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या फार्महाऊसमधून फोन. तिथे राखणीला दोन कुत्री साखळीला आहेत. मालक मुंबईत, राखणदार मामा इथे. मामांना विचारायचं होतं, वादळात साखळी सोडू का. हो, मामा, आणि फक्त आजच नाही.

जूनपासून धोका बदलतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी कशी फुगली ते मामांनी पाहिलंय. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी होड्यांनी काढावे लागले. बदलापुरात नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर. माझं सांगणं असं की इशारा पातळीच्या बातमीलाच जनावरं सोडायची किंवा वर न्यायची, पुढच्या मीटरची वाट बघायची नाही, कारण पाणी रात्री चढतं आणि साखळीतल्या कुत्र्याला पोहता येत असूनही पोहता येत नाही. माणसांसाठीही हेच महत्त्वाचं आहे. अमेरिकेत कतरिना वादळात अनेकांनी आपली जनावरं टाकून घर सोडायला नकार दिला आणि पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा करणारा कायदा तिथे झाला. आपल्याकडे हेंद्रेपाडा, वालिवलीसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत पूर येतो तेव्हा कुत्रं कुठे न्यायचं, हे आजही घरोघरी ज्याचं त्यानं ठरवायचं. पालिकेच्या निवारा केंद्रात एक कोपरा यांच्यासाठी असावा, हे मी सांगत राहणार आहे.

रात्री १०.३०

वही. कुणाला किती वाजता गोळी दिली, किती वेळानं परिणाम झाला, खाल्लं की नाही, कुठे लपलं. बीगलनं तिसऱ्या गडगडाटापर्यंत पनीर खाल्लं, म्हणजे तिच्यावर काम करता येईल. तिच्या ताईंना डिसेंबरची तारीख दिली. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे आभाळ कोरडं असतं. तेव्हा गडगडाटाची ध्वनिफीत अगदी बारीक आवाजात लावायची, तिच्या कानाची टोकंही हलणार नाहीत इतकी, आणि बरोबर खाऊ. काही आठवड्यांनी आवाज एक घर वर. ध्वनिफितीत वारा नसतो, दाब नसतो, वासही नसतो, त्यामुळे सगळी भीती तेवढ्यानं जाईल असं मी कुणाला सांगत नाही. पण पुढच्या मेमध्ये गोळीची मात्रा कमी करता आली तरी पुष्कळ झालं.

लॅब्रॅडोर घरी गेला. काकांचा फोन आला, तो त्यांच्या पलंगाला टेकून झोपलाय, आणि त्यांनी हात खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवलाय, चालेल ना?

उद्यालाही पिवळा इशारा आहे. निरोप टाकला: दीडच्या आत फिरवून आणा. गोळीची वेळ मी कळवते. बाल्कनीची कडी आजच लावून झोपा, पहाटेही पाऊस येऊ शकतो.